पैनगंगेकडच्या चुनखडीच्या घळीत पोळ्याला उतरायचं का?

तुम्ही विचारलंय की पोळ्याच्या सुट्टीत चौघं मित्र मिळून यवतमाळ-चंद्रपूरकडच्या वणी-झरी-कोरपना पट्ट्यातल्या एखाद्या चुनखडीच्या घळीत दोन दिवस उतरायचं, आत नाल्याकाठीच टेंट टाकायचा, सह्याद्रीत बरेच ट्रेक झालेत, तर आत पाणी मिळेल का आणि सोबत किती न्यायचं. सरळ सांगतो भाऊ, पोळ्याला नका जाऊ. डिसेंबर-जानेवारीत जा, आणि तेव्हा मात्र नक्की जा, कारण आपल्या भागात असं काही आहे हे आपल्याच लोकांना माहीत नाही. सिमेंटचे कारखाने गडचांदूर-आवारपूरकडेच का आले याचा विचार कोणी करत नाही, चुनखडी पाहिली तर ती ट्रकमध्ये भरलेलीच.

सह्याद्रीचा अनुभव पाय मजबूत करतो हे खरं, पण पाण्याचा जो अंदाज तिकडं बसलेला असतो तो इथं चालत नाही. तिकडं सगळा काळा पाषाण, पाणी वरून वाहतं नाहीतर टाक्यात साचतं. इकडचा चुनखडक दख्खनच्या लाव्ह्याच्या कितीतरी आधीचा, लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांचा धरला तर हा त्याच्यापुढे पार खापरपणजोबा, समुद्राच्या तळाशी थरावर थर बसून झालेला. पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि भेगाभेगांतून हा दगड विरघळवत खाली उतरतं. असं इतकी वर्षं चाललंय की भेगांच्या नळ्या झाल्या आणि काही ठिकाणी नळ्यांची भुयारं. म्हणून एखादा नाला एका वळणापर्यंत मस्त खळखळत येतो आणि पुढं नुसते कोरडे गोटे, पाणी गेलं कुठं तर जमिनीखालून, आणि बरंच पुढं एखाद्या उंबराच्या मुळाखालून बदाबदा बाहेर. नकाशावर निळी रेघ आहे म्हणून तिथं पाणी असेलच असं धरून चालू नका, उलट जिथं रेघ नाही तिथं झरा सापडेल.

आता त्या झऱ्याचं पाणी. काचेसारखं स्वच्छ दिसतं, थंडगार असतं, आणि सगळे जण ओंजळीनं पितात. वाळूतला झिरा खणला की पाणी वाळूतून गाळून येतं, बऱ्यापैकी भरवशाचं असतं. चुनखडीच्या नळीतून आलेलं पाणी गाळलेलं नसतं, वर पठारावर गुरं बसतात तिथलं शेण-मूत जिथून आत शिरलं तिथून ते जवळपास तसंच्या तसं तुमच्या बाटलीत येतं. म्हणून उकळा नाहीतर क्लोरीनची गोळी टाका, दिसण्यावर जाऊ नका. उकळल्यावर भांड्याला पांढरा थर बसला तर घाबरू नका, तो चुना. या पट्ट्यातल्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्याला फ्लोराइडचा त्रास आहे आणि तो उकळून जात नाही, पण दोन दिवसांत तुमचं काही बिघडत नाही, गावकरी बिचारे वर्षानुवर्षं पितात त्यांचं बिघडतं. माणशी चार लिटर वरूनच घेऊन उतरा.

पोळ्याला नको म्हणतो ते मुख्य पुरामुळं. भादव्याच्या तोंडाशी जमीन भिजून तट्ट झालेली असते. घळीत तुमच्यावर ऊन पडलेलं असतं आणि पाऊस पडतो मागं पठारावर, तुम्हाला ढगही दिसत नाही, दोन्हीकडं कडे. सुरुवातीला भोकं-भेगा ते पाणी गिळत राहतात म्हणून खालचं पात्र कोरडंच दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. एकदा ती भरली की मग त्याच कोरड्या गोट्यांवरून लोंढा येतो, आणि कधी कधी जिथून पाणी आत जात होतं त्याच तोंडातून उलटं बाहेर. डोहाचं पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहत यायला लागला, की बॅग आवरत बसू नका, तशीच टाकून वर चढा. टेंट टाकताना झाडाच्या फांद्यांना अडकलेला मागच्या पुराचा कचरा पाहा, तो डोक्याच्या वर दिसला तर त्या ठिकाणी जेवायलासुद्धा बसायचं नाही.

चालायचं म्हणाल तर पात्रातून तासाला एक किलोमीटर झालं तरी खूप. पाण्यानं खाल्लेल्या चुनखडीला करवतीसारख्या धारा असतात, बुटाचा तळवा फाडतात आणि दोरही कापतात, म्हणून दोर जिथं धारेवर घासतो तिथं खाली जुनं पोतं घाला. ओल्या गुळगुळीत भागावर मात्र तोच दगड साबण लावल्यासारखा. धबधब्याजवळ पाण्यातला वायू उडून चुना परत बसतो, मुळं-पानं सगळी दगडात गुंडाळली जातात, दिसायला लय भारी, पण ते थर ठिसूळ असतात, त्याच्या कडेवर उभं राहून फोटो काढायचा नाही. आणि जिथून परत वर चढता येणार नाही अशा पायरीवरून खाली उडी मारायची नाही, पुढं काय आहे हे माहीत नसताना तर मुळीच नाही. जाताना बाहेर निघायच्या वाटा हेरून ठेवा. जीपीएसवर फार विसंबू नका, कड्यांमध्ये ते तुम्हाला भलतीकडंच दाखवतं.

जनावरांचं विचारलं नाही तुम्ही, पण सांगतो. सगळे वाघाचंच विचारतात. वाघ आहेत, २०१९ ला यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला कॉलर लावलेला वाघ हजाराच्या वर किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला, म्हणजे मधलं जंगल काही रिकामं नाही. पण घळीत मला जास्त धास्ती अस्वलाची वाटते. कपारी आणि गुहा ही त्याची दुपारच्या झोपेची जागा, आणि तुम्ही टॉर्च घेऊन नेमके तिथंच डोकावणार. तोंडाशी नखांचे ओरखडे, बियांनी भरलेली विष्ठा दिसली की मागं फिरा, बोलत-आवाज करत फिरा. तशीही भुयारं आपल्यासाठी नाहीत, खोल खड्ड्यात कार्बन डायऑक्साइड साचलेला असू शकतो. मार्चनंतर कड्यावर आग्या मोहोळं लागतात, मोहफुलं वेचायला लोक झाडाखाली आग लावतात त्याचे वणवे होतात, आणि ऊन तर तुम्हाला माहीतच आहे, म्हणून संक्रांतीच्या मागंपुढंच काय ते उरका.

आणखी एक, पावसाळ्यात आणि नंतर वाढलेल्या गवतात बारीक किडे असतात त्यांच्यापासून स्क्रब टायफस होतो, २०१८ ला नागपूर आणि आजूबाजूला त्याची मोठी साथ होती. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला आपणहून सांगा की जंगलात गेलो होतो, अंगावर कुठं काळी खपली आहे का तेही पाहा, काखेत, कमरेला. वेळेत कळलं तर साध्या गोळ्यांनी बरं होतं, नाही कळलं तर जीवावर बेततं.

वनविभागाची परवानगी आधी घ्या, रेंज ऑफिसला जाऊन, फोनवर काही होत नाही. मग पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर जा. कोलाम लोकांना त्या घळीतलं प्रत्येक पाणी माहीत असतं, कोणतं बारमाही आणि कोणतं दिवाळीनंतर आटतं. नाईकांना, म्हणजे पोडाच्या प्रमुखांना भेटून एक माणूस सोबत मागा. डिसेंबरात कापसाचा वेचा चालू असतो तर त्याची मजुरी बुडते, म्हणून वेच्यात पडतील त्याच्या दुप्पट तरी द्या आणि आधीच ठरवा, शेवटी बक्षीस दिल्यासारखं नको. काही डोहांवर त्यांचा देव असतो, तिथं तो माणूस चप्पल काढेल, तुम्हीही बूट काढा, आणि आंघोळ नाही म्हणाला तर नाही. पोळ्याच्या दिवशी तर घरचे बैल टाकून कोणीच तुमच्यासोबत येणार नाही, आणि म्हणायचंही नाही बाप्पा. आत नेटवर्क शून्य, त्यामुळं परतायची वेळ पोडावर सांगून ठेवा आणि ती टळली तर १०८ किंवा ११२ ला कोणी फोन करायचा तेही ठरवा.

घळीचं नाव मी इथं लिहीत नाही, डिसेंबरचं पक्कं झालं की मेसेज करा, सांगतो. तोपर्यंत पोळ्याला सुट्टी वाया घालवायची नसेल तर पैनगंगेवर सहस्रकुंडचा धबधबा पाहून या, काठावरून. आणि चुनखडीची गुहाच पाहायची असेल तर छत्तीसगडात जगदलपूरजवळ कांगेर घाटीत कुटुमसर आहे, तिथं आत आंधळे मासे आहेत, पण ती पावसाळ्यात पाणी भरतं म्हणून बंदच ठेवतात, तेव्हा तीही दिवाळीनंतरच.