कीटकांच्या छायाचित्रांची मांडणी

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या शिवारात ६ वर्षांत टिपलेली कीटकांची सुमारे ९,००० छायाचित्रे नावांनुसार लावावीत काय?

उत्तर : नावांनुसार लावू नयेत, कारण नाव स्थिर नसते; हरभऱ्यावरची घाटेअळी आणि कपाशीवरची हिरवी बोंडअळी हा एकच कीटक असून त्याचे हेलिओथिस आर्मिजेरा हे जुने शास्त्रीय नाव आता हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा असे झाले आहे. प्रत्येक फाइलला ‘२०२३-०८-१४-००१७’ असा कायमचा क्रमांक द्यावा (वर्ष आधी लिहिल्यास क्रम आपोआप लागतो) आणि गण (कीटकांचा मोठा गट, जसे पतंग-फुलपाखरांचा), कुळ (त्यातील लहान गट), जाती (नेमका कीटक), पीक, शिवार व ओळख कोणी पटवली हे सारे स्वतंत्र तक्त्यात नोंदवावे. ओळख अपुरी असल्यास गणापाशीच थांबावे. अंदाजाने लिहिलेली जाती पुढे शोधून दुरुस्त करणे फार जिकिरीचे असते.