कानामागे टाकलेलं बोलणं

"ह्यांना काही सांगायचं म्हणजे भिंतीशी बोलायचं बघा. तीन-तीनदा सांगा, कानामागं टाकतात. सुनेशी तर बोलणंच सोडलंय."

इचलकरंजीहून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या काकू बसायच्या आधीच बोलायला लागल्या होत्या. शेजारी काका शांत. वय ६१, तीस वर्षं यंत्रमागावर काढलेली. मी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी नीट, नेमकी उत्तरं दिली. त्यामुळे ऐकू येत नसेल ही शंका मला आलीच नाही. (या जोडप्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

माझी चूक इथेच झाली. दोन भेटी मी नवरा-बायकोच्या संवादावर खर्च केल्या. एकमेकांचं पूर्ण ऐकून घ्या, मध्ये तोडू नका, रोज रात्री दहा मिनिटं फक्त दोघांनी बोला. काकूंनी प्रामाणिकपणे करून पाहिलं. रात्री, दिवा मालवून, अंथरुणावर. काका उत्तरच देईनात, आणि भांडण आणखी वाढलं.

तिसऱ्या भेटीत काकूंनी घरातलं ताजं प्रकरण काढलं. सून म्हणाली, "दूधवाल्याला साठ दिले." काकांनी ऐकलं "आठ". लिटरभर दुधाचे आठ रुपये कसे, ही पोर हिशेबात काय लपवते, यावरून घरात दोन दिवस अबोला. मी हसत हसत कपाटातून फाइल काढायला वळले आणि पाठमोरीच विचारलं, "मग काका, पैसे कोणाकडे असतात?" उत्तर नाही. वळून तेच विचारलं, लगेच उत्तर आलं. मग मुद्दाम वही तोंडासमोर धरून बोलले. काका गोंधळले, काकूंकडे बघायला लागले.

"काका, तुम्ही माझ्या ओठांकडे बघून ऐकताय का?"

ते ओशाळले. "मागावर तसंच बोलतात की. त्या खडखडाटात कोण ऐकतंय? ओठ बघायचे, हात करायचे."

तीस वर्षांत ही कला त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की कान कधी कमी झाले हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. उजेडात, समोरासमोर, एकाच माणसाशी बोलताना सगळं ठीक. अंधारात, फोनवर, पाठमोऱ्या सुनेशी मात्र काही नाही. लेकीचा फोन घेणंही त्यांनी म्हणूनच बंद केलं होतं. काकूंना वाटत होतं, ह्यांची लेकीवरची माया आटली.

"कानाचं नक्की कोणाकडे जायचं?" हा प्रश्न मला वरचेवर येतो. काकूंनीही तोच विचारला, कारण घरात आधीच दोन हजारांचं एक मशीन ड्रॉवरमध्ये पडून होतं. मुलाने कुठूनसं आणलेलं. लावलं की सगळंच मोठ्याने, पंख्याची घरघरसुद्धा. काकांनी दोन दिवसांत काढून ठेवलं आणि "मशीनने कान आणखी बिघडतात" असं ठरवून टाकलं.

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. ते दुर्बिणीने कानाची नळी आणि पडदा बघतात. कधी नुसता मळ घट्ट बसलेला असतो, तो काढला की माणूस ऐकायला लागतो. पडद्याला भोक, कानातलं पाणी, जंतुसंसर्ग, हेही त्यांचंच काम. औषध आणि शस्त्रक्रिया तेच करतात. किती ऐकू येतं हे मोजतो तो ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ. हा औषध देणारा डॉक्टर नव्हे. चार वर्षांची वेगळी पदवी असते आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. मशीन विकणारा प्रत्येक जण ऑडिओलॉजिस्ट नसतो, म्हणून नोंदणी आहे का, हे बिनधास्त विचारावं. त्यात कसला अपमान?

काकांच्या कानात मळ नव्हता, पडदेही शाबूत. मग आवाजबंद खोलीत हेडफोन लावून तपासणी झाली. बारीक 'पीं' ऐकू आली की बटण दाबायचं, एवढंच. दुखत नाही, सुई नाही, अर्ध्या तासात होतं. काका नंतर म्हणाले, "परीक्षाच वाटली, पण अभ्यास नव्हता केला."

आलेख मी त्यांच्यासोबत बसून पाहिला. जाड, खालच्या पट्टीचे आवाज बऱ्यापैकी ऐकू येत होते. ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बारीक, वरच्या पट्टीच्या आवाजांना, रेघ खड्ड्यात कोसळलेली. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचा आलेख बहुधा असाच पहिल्यांदा तिथे खचतो. दिवसाला आठ तास ८५ डेसिबलच्या वर आवाज असेल तर कानाला धोका, असं मानतात. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं तिथे तेवढा आवाज असतोच. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या नाजूक केसपेशी त्यात मरतात, आणि त्या परत उगवत नाहीत. म्हणून तेल घालून काही होत नाही. काकू वर्षभर लसूण घालून कढवलेलं तेल सोडत होत्या, ते थांबवलं.

आता 'साठ'चा उलगडा झाला. 'अ', 'आ', 'ओ' हे जाड आवाज. 'स', 'श', 'फ' बारीक, वरच्या पट्टीतले. काकांना शब्दाचं अंग ऐकू येत होतं, पण कडा नाहीत. 'साठ'मधला 'स' गळला की उरतं 'आठ'. म्हणूनच ते म्हणायचे, "आवाज येतो, पण कळत नाही." आणि घरचे म्हणायचे, "हवं तेवढं बरोबर ऐकू येतं ह्यांना." दोघंही खरं बोलत होते. सुनेचा आवाज पातळ, शिवाय ती बोलणार ओट्याकडे तोंड करून, वर मिक्सर चालू.

दोन हजारांचं मशीन सगळेच आवाज सरसकट वाढवत होतं. ऑडिओलॉजिस्टने दोन्ही कानांना आलेखाप्रमाणे जुळवलेली यंत्रं आधी वापरून बघायला दिली. पहिले पंधरा दिवस ताटल्यांचा आवाज काकांना असह्य झाला. दोनदा जाऊन जुळवणी बदलून आणली. मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा ओळखायला काही आठवडे लागतात, हे आधीच सांगितलं होतं म्हणून ते टिकले.

काकांकडे वेळ होता. सगळ्यांकडे नसतो. एक तरुण मुलगी परीक्षेच्या ताणासाठी माझ्याकडे आली होती, बोलता बोलता म्हणाली की तीन आठवड्यांपूर्वी सकाळी उठल्यावर एका कानाने ऐकूच येईना. सर्दीने दडा बसला असेल म्हणून ती वाट बघत राहिली. असं अचानक झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो, कारण औषधाचा उपयोग मुख्यतः पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत होतो. तिचं ऐकणं पूर्ण परत आलं नाही. एकाच कानात सतत गुणगुण, कानातून पू किंवा रक्त, ऐकू कमी येण्यासोबत गरगरणं, यातही थांबू नये. आणि तान्हं बाळ आवाजाने दचकत नसेल तर "आमच्याकडे सगळी उशिराच बोलतात" हे आजीचं वाक्य अजिबात ऐकू नये.

काका परवा एकटेच आले होते. त्यांचा धाकटा भाऊ अजून मागावर आहे. त्याला तपासायला न्यावं का, असं विचारत होते. म्हटलं, त्याला काही त्रास आहे का?

"तो म्हणतो, मला चांगलं ऐकू येतं," काका म्हणाले. "पण म्हणताना माझ्या ओठांकडं बघत होता."