नाझी राजवटीत कायद्याचे पंडित गप्प होते की सामील?

आपण विचारले आहे की, नाझी काळात जर्मनीतील कायद्याचे प्राध्यापक आणि त्यांच्या संस्था केवळ भीतीपोटी गप्प बसल्या, की त्यांनी राजवटीला खरोखर हातभार लावला. मी विधी महाविद्यालयात न्यायशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न मला दरवर्षी अस्वस्थ करतो. गप्प बसणारे पुष्कळ होते; परंतु जे पुढे सरसावले, त्यांनी जुन्या कायद्याचे शब्द जागेवर ठेवून त्यांतला अर्थ काढून घेतला, आणि माझ्या मते सर्वांत मोठी हानी त्यातूनच झाली.

सुरुवात अध्यासने रिकामी करण्यापासून झाली. ७ एप्रिल १९३३ च्या नोकरशाहीविषयक कायद्याने ज्यू आणि राजकीयदृष्ट्या नकोशा अध्यापकांना विद्यापीठांबाहेर काढण्याची वाट मोकळी झाली. हायडेलबर्गमधून गुस्ताफ राडब्रुख गेले, कोलोनमधून हान्स केल्सन गेले. केल्सन यांच्या बाजूने त्यांच्या विद्याशाखेतील सहकाऱ्यांनी निवेदन दिले, त्यावर घटनाकायद्याचे नामवंत प्राध्यापक कार्ल श्मिट यांनी सही केली नाही. कील विद्यापीठात गेरहार्ट हुसेर्ल यांच्या अध्यासनावर तरुण कार्ल लारेन्त्स आले आणि ती विद्याशाखा नव्या विचारसरणीची आघाडीची तुकडी म्हणून मिरवू लागली.

त्याच वर्षी जून महिन्यात हिटलरचे वकील हान्स फ्रँक यांनी म्युनिकमध्ये ‘जर्मन कायद्याची अकादमी’ स्थापन केली. तिच्या समित्यांत नामवंत प्राध्यापक बसले. १९०० पासून लागू असलेल्या नागरी संहितेच्या जागी ‘लोकसंहिता’ आणण्याचा मोठा प्रकल्पही तिने हाती घेतला, पण तो कधीच पूर्ण झाला नाही.

जुनी संहिता कायम राहिली, आणि खरे काम तिच्या अर्थावर झाले. तिचे पहिलेच कलम सांगते की माणसाची हक्क धारण करण्याची क्षमता जन्म पूर्ण होताच सुरू होते. १९३५ मध्ये लारेन्त्स यांनी असे मांडले की, कायद्याच्या समुदायात फक्त राष्ट्रबांधवच मोडतो आणि राष्ट्रबांधव तोच, ज्याच्या अंगात जर्मन रक्त आहे. कलमात ‘माणूस’ हा शब्द तसाच होता. त्या शब्दात कोण मावते, हे मात्र आता प्राध्यापक ठरवू पाहत होते. न्यायालयेही याच दिशेने निघाली होती. उफा या चित्रपटकंपनीच्या एका करारात, दिग्दर्शक एरिक शारेल यांना आजारपण, मृत्यू किंवा तत्सम कारणाने काम करता न आल्यास करार सोडता येईल, अशी अट होती. शारेल ज्यू होते. जून १९३६ मध्ये राइखच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे ज्यू असणे हेच ‘तत्सम कारण’ मानले. जिवंत, धडधाकट माणसाला त्यांनी मृताच्या रांगेत बसवले, आणि त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही.

श्मिट यांच्याविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. १९३४ च्या जून-जुलैमध्ये नाझी पक्षाच्या निमलष्करी दलाचे प्रमुख र्‍योम आणि इतरांना खटल्याविना ठार करण्यात आले, तेव्हा १ ऑगस्टला त्यांनी ‘फ्यूरर (म्हणजे हिटलर) कायद्याचे रक्षण करतो’ हा त्या हत्यांचे समर्थन करणारा लेख ‘जर्मन विधिज्ञ नियतकालिका’त छापला. हे नियतकालिक १८९६ मध्ये ओटो लीबमान या ज्यू प्रकाशकाने सुरू केले होते, आणि १९३३ च्या अखेरीस त्यांना आपली प्रकाशनसंस्था बेक या प्रकाशकांना विकावी लागली होती. ऑक्टोबर १९३६ मध्ये श्मिट यांनी बर्लिनमध्ये ‘विधिशास्त्रातील ज्यू’ या विषयावर परिषद भरवली. ज्यू लेखकाचा आधार देणे टाळावे, द्यावाच लागला तर तो ज्यू असल्याचा उल्लेख करावा आणि ग्रंथालयांत त्यांची पुस्तके वेगळी काढावीत, अशी त्यांची मागणी होती. तळटीप ही अभ्यासकाची ऋण मान्य करण्याची जागा असते. तिचाच त्यांनी माणसे वेगळी काढण्यासाठी वापर केला, हे मला फार क्लेशकारक वाटते.

फ्रँक यांना १९४६ मध्ये न्युरेंबर्ग येथे फाशी झाली, ती मुख्यतः व्याप्त पोलंडमधील कृत्यांसाठी. प्राध्यापकांपैकी बरेच जण वर्गात परतले. लारेन्त्स यांचा १९६० चा विधिशास्त्रीय पद्धतीवरील ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासला गेला. लीबमान यांच्या भाष्यमालेच्या जागी बेक यांनी काढलेल्या नागरी संहितेच्या भाष्याला नाझी काळातील विधिपरीक्षा मंडळाचे अध्यक्ष ओटो पालांट यांचे नाव दिले होते. तो ग्रंथ आजही जर्मन वकिलांच्या मेजावर असतो; मुखपृष्ठावरचे ते नाव बदलण्याचा निर्णय व्हायला २०२१ साल उजाडावे लागले.