अमेरिकन पासपोर्टवर थायलंडला राहायला जातोय. पैसे आणि घरचं इंटरनेट कसं सांभाळू?

अमेरिकेतलं बँक खातं बंद करू नका, ही पहिली गोष्ट. तिकडचा फोन नंबरही चालू ठेवा. ओटीपी त्याच्यावरच येतो आणि तो नाही आला की स्वतःच्याच पैशांकडे नुसतं बघत बसायचं.

थाई एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी साधारण २२० बाट कापतं, मग हजार काढा की दहा हजार. त्यामुळे एकदाच मोठी रक्कम काढा. स्क्रीनवर 'डॉलरमध्ये रूपांतर करू का?' असं आलं की नाही म्हणा. तो दर हमखास महागात पडतो. जमेल तेव्हा स्थानिक खातं उघडा (पर्यटक व्हिसावर अवघड जातं). बाजारात भाजीवालीसुद्धा प्रॉम्प्टपेचा क्यूआर पुढे करते, अगदी आपल्या यूपीआयसारखा. मात्र अमेरिकेबाहेरच्या खात्यांतली एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर अमेरिकेत एफबार (अशा खात्यांची माहिती सरकारला देणारा अर्ज, कर नव्हे) भरावा लागतो. निवृत्ती व्हिसासाठी ८ लाख बाट बँकेत ठेवलेत, म्हणजे ती मर्यादा ओलांडलीच.

इंटरनेटची चिंता सोडा. शहरांत एआयएस किंवा ट्रू या कंपन्यांचं फायबर इंटरनेट सहज मिळतं. काँडोत आधीची जोडणी आहे का, तेवढं घरमालकाला विचारून घ्या.