पोस्टग्रेस १२ चं डेटा फोल्डर १६ ला चालत नाही. पीजी-अपग्रेड कसं चालवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीच्या पतसंस्थेत सेंटओएस ७ या लिनक्सवर पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर होतं, आवृत्ती १२. नव्या रॉकी ९ (हेही लिनक्सच) मशीनवर १६ टाकलं, जुनं डेटा फोल्डर उचलून आणलं, आणि आता सर्व्हर ‘डेटाबेस फाइल्स आर इनकम्पॅटिबल विथ सर्व्हर’ म्हणत उठतच नाही. डेटा १८ जीबी, नावं मराठी-कन्नड दोन्हीत, हातात फक्त रविवार.

डेटा बिघडलेला नाही, घाबरू नका. फोल्डरमध्ये पीजी-व्हर्जन नावाची एवढीशी फाइल असते, तीत १२ लिहिलेलं असतं. ते खोडून १६ करायचा मोह होईल, पण करू नका. पुढे कंट्रोल फाइलवर अडणारच, आवृत्तीची खूण तिच्यातही असते. मोठी आवृत्ती बदलली की बदलतात ती सिस्टिम कॅटलॉगची टेबलं, म्हणजे कुठे काय आहे याची पोस्टग्रेसची स्वतःची नोंद. खातेदारांच्या नोंदींची पानं सहसा त्याच साच्यात राहतात. पीजी-अपग्रेड हे आवृत्ती बदलायचं साधन जुन्यातून फक्त रचना काढतं, नव्यात उभी करतं आणि नोंदींच्या फाइली जशाच्या तशा आणून ठेवतं. कीर्द-खतावणी तीच, कुठल्या वहीत काय आहे ती यादी तेवढी नवी.

म्हणूनच त्याला दोन्ही आवृत्त्यांचे प्रोग्राम एकाच मशीनवर लागतात. तुमच्या रॉकीवर १२ सुद्धा टाकावं लागेल, आणि १६ साठी इनिटडीबी या कमांडने वेगळं, रिकामं फोल्डर करावं लागेल. फोल्डर कॉपी करताना जुना सर्व्हर नीट बंद होता ना? चालू असताना उचललेली कॉपी कामाची नाही, परत आणा. वीज जाऊन सर्व्हर बसला असेल तर पीजी-अपग्रेड अडतं. मग १२ एकदा सुरू करून व्यवस्थित बंद करायचं.

कमांड साधी आहे. पोस्टग्रेस युजरने लॉगिन करा, रूटने नाही. स्मॉल बी ला १२ चं बिन फोल्डर, कॅपिटल बी ला १६ चं, स्मॉल डी ला जुना डेटा, कॅपिटल डी ला नवा. शेवटी ‘चेक’ हा पर्याय जोडून आधी नुसती तपासणी करून घ्या, तो कशालाच हात लावत नाही. एखादं एक्स्टेन्शन (जोडसुविधा) १२ मध्ये आहे आणि १६ मध्ये बसवायचं राहिलंय, हे तिथेच कळतं (बहुतेक वेळा कॉन्ट्रिब पॅकेजच राहिलेलं असतं). जुना डेटाबेस मराठी लोकेलमध्ये (भाषा आणि क्रमवारीची सेटिंग) असेल तर रॉकीवर ग्लिबसीचा, म्हणजे लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीचा, मराठी लँगपॅक टाका, नाहीतर ते लोकेल तिथे सापडणारच नाही. १५ पर्यंत नव्या फोल्डरचं लोकेल आणि एन्कोडिंग आपण जुळवून द्यावं लागायचं, १६ पासून ते पीजी-अपग्रेड स्वतः करतं.

‘लिंक’ पर्यायाबद्दल सगळे कौतुकाने सांगतात. फाइली कॉपी न होता हार्डलिंक होतात (तीच फाइल दोन्ही फोल्डरांत दिसते), काम चटकन उरकतं, दुप्पट जागा लागत नाही. खरं आहे. पण नवा सर्व्हर एकदा सुरू केला की जुनं फोल्डर सुरक्षितपणे वापरता येत नाही, परतीची वाट बंद. १८ जीबीसाठी हा सौदा कशाला करायचा? कॉपीच होऊ द्या.

आता तुमच्या बाबतीतली खरी भानगड. सेंटओएस ७ मध्ये ग्लिबसी २.१७ आहे, रॉकी ९ मध्ये २.३४. मधल्या २.२८ आवृत्तीत अक्षरांचा क्रम लावायचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. पोस्टग्रेस मजकुराची क्रमवारी सहसा ग्लिबसीकडूनच घेतं, आणि इंडेक्स, म्हणजे नोंद पटकन शोधायची क्रमवार सूची, त्या क्रमावर उभा असतो. पीजी-अपग्रेड इंडेक्सच्या फाइलीही जशाच्या तशा आणतं. म्हणजे इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेला आणि शोधणारा नव्या क्रमाने शोधणार. इंग्रजी लोकेलमध्ये ‘१-१’ आणि ‘११’ हे इंग्रजी आकड्यांत लिहून दोन्ही मशीनवर सॉर्ट करून बघा: जुन्यावर ११ आधी येतो, नव्यावर १-१. तुमचे खाते क्रमांक मजकूर म्हणून, मध्ये डॅश घालून ठेवलेले असतील तर विचार करा. खातं टेबलात असतंय पण काउंटरवर ‘सापडत नाही’ म्हणतंय, आणि युनिक इंडेक्स (एक क्रमांक दोनदा पडू न देणारा) असूनही तोच क्रमांक दुसऱ्यांदा पडू शकतो. एररही येत नाही, हेच वाईट.

त्यामुळे पीजी-अपग्रेडने आणलंत तर काउंटर उघडायच्या आधी सगळ्या डेटाबेसवर रिइंडेक्स-डीबी चालवा, ते इंडेक्स नव्याने बांधतं. पण मला विचाराल तर तुमच्यासाठी डंपच बरा, म्हणजे सगळा डेटा बाहेर उतरवून नव्यात पुन्हा भरायचा. जुनी मशीन चालू ठेवा, नव्या मशीनवरचं १६ चं पीजी-डंप तिला नेटवर्कवरून जोडा आणि रिस्टोअर करा. इंडेक्स नव्याने बांधले जातात, १२ चे प्रोग्राम रॉकीवर लागत नाहीत. युजर आणि पासवर्ड त्यात येत नाहीत, ते पीजी-डंप-ऑल या कमांडच्या ‘ग्लोबल्स ओन्ली’ पर्यायाने वेगळे काढा. ऑपरेटिंग सिस्टिम तीच आणि डेटा शेकडो जीबी असता तर मी बिनदिक्कत पीजी-अपग्रेड म्हटलं असतं.

शनिवारी पिग्मी एजंटांच्या मशीनमधला भरणा उतरवून झाला की ॲप बंद करा आणि मगच डंप घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे विजेचा भरवसा नाही, यूपीएसची बॅटरी आधी तपासा. मार्चअखेरीच्या आसपास असलं काम काढूच नका, ऑडिटर आणि सेक्रेटरी दोघेही डोक्यावर बसतील.

कुठल्याही मार्गाने गेलात तरी शेवटी व्हॅक्यूम-डीबी ‘ॲनलाइझ इन स्टेजेस’सकट चालवा. प्लॅनरची (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाची) आकडेवारी पीजी-अपग्रेड १८ च्या आधी आणत नव्हतं, आणि ती नसली की सोमवारी साधा लेजर रिपोर्टसुद्धा रेंगाळतो. पीजी-एचबीए आणि पोस्टग्रेसक्यूएल डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलींमधले बदल हाताने नव्यात घ्या. जुनी फाइल सरळ वर डकवू नका, काही सेटिंग्ज आता राहिलेली नाहीत.

चेकमध्ये अडलंच तर नव्या डेटा फोल्डरमध्ये पीजी-अपग्रेड-आउटपुट नावाचं फोल्डर तयार झालेलं असेल. त्यातल्या लॉगच्या शेवटच्या ओळी इथे टाका, पासवर्ड किंवा खातेदारांची नावं दिसत असतील तर खोडून.