'करण्यात येईल', पण करणार कोण?

कोपरखैरण्याच्या एका सोसायटीत नुकत्याच सेक्रेटरी झालेल्या ताई विचारतात : 'नोटीस लिहायला बसले की हात आपोआप "करण्यात येईल"कडे वळतो. लोक नोटीस वाचत नाहीत, इंटरकॉम करून मलाच विचारतात. ऑफिसातल्या इंग्रजी लेखनाच्या वर्गात सांगितलं होतं, पॅसिव्ह टाळा. मग मराठीत कर्मणी प्रयोग टाळायचा का?' सोबत हा नमुना :

'सर्व सभासदांना सूचित करण्यात येते की, गच्चीवरील पाण्याच्या टाकीच्या साफसफाईचे काम हाती घेण्यात येणार असल्याने रविवारी सकाळी १० ते दुपारी २ या कालावधीत पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल. तरी याची नोंद घेऊन सहकार्य करावे.'

नाही, ताई. कर्मणी सोडायचा म्हटलं तर कालची निम्मी हकीकत सांगता येणार नाही. 'कामगारांनी टाकी धुतली' हा चोख कर्मणी आहे. टाकीच्या जागी हौद घातला की लगेच 'धुतला' होतं. क्रियापद कर्माचं ऐकतं, पण कर्ता कुठे पळालेला नाही, 'नी' लावून वाक्याच्या तोंडाशीच बसलाय. इंग्रजीत पॅसिव्ह केलं की कर्ता मागे ढकलला जातो, पुष्कळदा गळूनच पडतो, म्हणून तो सल्ला तिकडे ठीक. आपल्याकडे त्या घाटाचं वाक्य म्हणजे 'चोर शिपायाकडून पकडला जातो'. शाळेच्या व्याकरणात याला नवीन कर्मणी म्हणतात. परीक्षेबाहेर ते फारसं कुणाच्या तोंडी नसतं.

आणि कर्मणी तर मराठीच्या हाडात आहे. जुन्या मराठीत 'कीजे', 'बोलिजे' अशी रूपं होती, त्यांना पुराण कर्मणी म्हणतात. 'पाहिजे' आणि 'म्हणजे' हे त्यांचेच उरलेले वंशज. भाजीवाल्याकडे 'अर्धा किलो भेंडी पाहिजे' म्हणताना आपण शेकडो वर्षांचा कर्मणी वापरत असतो, आणि त्यात कसलाही मरगळलेपणा नसतो.

मरगळ येते ती 'करण्यात येणे'मुळे. यात कर्त्याला जागाच ठेवलेली नाही. आणायचाच झाला तर 'समितीतर्फे' असं शेपूट जोडावं लागतं. शिवाय क्रियापदाचं नाम होतं. 'धुणे' हे साधं, ओलं क्रियापद. त्याचं 'साफसफाईचे काम', मग ते 'हाती घेणे', मग ते 'घेण्यात येणे'. टाकी अजून कोरडीच.

पण कर्ता सांगायचा नसला तरी मराठी अडत नाही, आणि ही सोय आपण विसरत चाललोय. सुटणे-सोडणे, पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे अशा जोड्याच भाषेने दिल्या आहेत. 'झाड पडलं' म्हटलं की वारा-पाऊस आठवतो, 'पाडलं' म्हटलं की कुणीतरी कुऱ्हाड घेऊन आलं होतं. 'झाड हटविण्यात आले' यातून यातलं काहीच कळत नाही (कधीकधी ते कळू नये म्हणूनच तसं लिहितात). ठाण्याचंच घ्या. '१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वेसेवा सुरू करण्यात आली' हे वाक्य खरं आहे, आणि निर्जीव. '१६ एप्रिल १८५३ ला दुपारी बोरीबंदरहून गाडी सुटली : १४ डबे, सुमारे ४०० माणसं, ओढायला तीन इंजिनं, आणि ठाण्याला येऊन थांबली.' गाडी कुणी सोडली ते इथेही सांगितलेलं नाही, तरी गाडी धावते. घरातही 'पाणी गेलं' असंच म्हणतो आपण.

तुमच्या टाकीकडे येऊ. 'समिती टाकी धुणार' असं लिहिलंत तर खोटं होईल, कारण समिती काही गमबूट घालून आत उतरणार नाही. त्यासाठी 'धुवून घेणे' आहे : काम दुसऱ्याचं, जबाबदारी आपली. आणि 'आम्ही' लिहू नका, 'आपण' लिहा. 'आम्ही'त वाचणारा बाहेर राहतो, 'आपण'मध्ये तोही येतो; टाकी त्याचीही आहे.

क्रमही बदला. वाचणाऱ्याला आधी पाण्याची चिंता असते, टाकीची नंतर.

'रविवारी सकाळी १० ते दुपारी २ नळाला पाणी येणार नाही. गच्चीवरची टाकी आपण धुवून घेत आहोत. लागेल तेवढं पाणी शनिवारी रात्रीच भरून ठेवा. दोननंतर पहिलं पाणी गढूळ आलं तर थोडा वेळ वाहू द्या.'

'सहकार्य करावे' गेलं, कारण करायचं काय ते आता सांगितलंय. 'कालावधीत' गेलं ते तर बरंच झालं.

'करण्यात येईल' अगदी हद्दपार मात्र करू नका. थकलेल्या मेंटेनन्सवर 'व्याज आकारण्यात येईल' हेच बरोबर. तिथे तुम्ही बोलत नसता, नियम बोलत असतो. 'मी व्याज लावते' असं लिहून त्याच शेजाऱ्याबरोबर लिफ्टमध्ये उभं राहायचंय तुम्हाला. लिफ्ट बंद पडली तर मात्र 'लवकरच दुरुस्त करण्यात येईल' नको. मेकॅनिक मंगळवारी येणार असेल तर मंगळवार लिहा, आणि तो नाही आला तर बुधवारी तेही लिहा.