वाचकांचे प्रश्न : कीवर्ड मराठीत आणले तर?

प्रश्न : इंग्रजी फारसे न येणाऱ्या मुलांना मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. या भाषेत कीवर्ड, म्हणजे ठरावीक अर्थासाठी राखून ठेवलेले शब्द, जेमतेम 35 आहेत. तेवढे मराठीत करून घेतले, तर मुलांची अडचण दूर होणार नाही का?

उत्तर : थोडीशीच दूर होईल. मुलांना पहिल्याच दिवशी लागणारे ‘प्रिंट’ तुमच्या त्या पस्तिसांत नाहीच. ते तयार फंक्शनचे, म्हणजे नावाने बोलावून काम करून घेता येणाऱ्या सूचनासंचाचे नाव आहे, आणि लायब्ररींसह (अशा तयार फंक्शनांच्या संग्रहांसह) अशी नावे मोजायला गेल्यास ती हजारोंच्या घरात जातात. कीवर्ड बदलणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग, म्हणून बहुतेक उत्साही मंडळी तेवढे करून थांबतात.

खरी अडवणूक चूक झाल्यावर होते. पायथन 3 मध्ये व्हेरिएबलला (किंमत साठवण्याच्या जागेला) देवनागरी नाव देता येते, त्यामुळे ‘बेरीज = 5’ ही ओळ बिनतक्रार चालते. मात्र उजवीकडे देवनागरी ‘५’ लिहिला की प्रोग्राम अडतो (गंमत म्हणजे तोच ‘५’ अवतरणचिन्हांत घालून ‘इंट’ या मजकुराची पूर्णांक संख्या करणाऱ्या फंक्शनला दिला, तर त्याची संख्या निमूटपणे होते), आणि कुठे चुकले हे सांगणारा संदेश इंग्रजीत येतो. मूल अडकते ते इथे. म्हणून भाषांतराला एरर मेसेजपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

संपूर्ण स्थानिक भाषेत काम चालूच शकत नाही, असे मात्र नाही. रशियात हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘वन-सी’ प्रणालीत रशियन कीवर्ड वापरून प्रोग्राम लिहितात. तिथे ते रुजले, कारण तयार फंक्शनांची नावे आणि माहितीपुस्तिकाही रशियनमध्येच आहेत. वेगवेगळ्या भाषांत काम करणाऱ्यांमधल्या फाइलींच्या देवाणघेवाणीचा प्रश्न एक्सेलने बऱ्याच अंशी सोडवला आहे : जर्मन एक्सेलमध्ये बेरजेच्या ‘सम’ या फंक्शनचे ‘झुमं’ होते, पण फाइलमध्ये सूत्र एकाच ठरावीक रूपात साठवले जात असल्याने इंग्रजी एक्सेलमध्ये ते इंग्रजीत उघडते. तेच सूत्र इंग्रजी पुस्तकातून जसेच्या तसे उतरवून घेतले, तर मात्र चालत नाही, कारण जर्मनमध्ये स्वल्पविराम दशांशचिन्हासाठी राखीव असल्याने दोन घटकांमध्ये अर्धविराम द्यावा लागतो.

वर्गासाठी संगणकशास्त्रज्ञ फेलिएन हर्मन्स यांची ‘हेडी’ ही शिकाऊंसाठीची प्रोग्रामिंग भाषा पाहावी. 2020 मध्ये आलेली हेडी अनेक बोलभाषांतले कीवर्ड स्वीकारते आणि पायरीपायरीने पायथनकडे नेते. त्यानंतर पायथनचे कीवर्ड आहेत तसेच ठेवावेत, व्हेरिएबलची नावे आणि कॉमेंट (प्रोग्राममधली वाचणाऱ्यासाठीची टिपणे) मराठीत लिहू द्याव्यात, आणि नेहमी येणाऱ्या चुकांच्या संदेशांचा मराठी तक्ता भिंतीवर लावावा.